आधी डोकेदुखी, मग गोळी: एचआयव्ही आणि मेंदूज्वराचं एक प्रकरण

रुग्णाचं नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रुग्ण आणि त्यांच्या पत्नी या दोघांच्या परवानगीनं हे लिहिलं आहे, आणि लिहून झाल्यावर त्यांना वाचूनही दाखवलं आहे.

पार्श्वभूमी

पुंडलिक, वय 41. डिचोली तालुक्यात, दोडामार्गच्या हद्दीला लागून असलेल्या गावात थोरल्या भावासोबत एकत्र कुटुंब. घरचं लहानसं कुळागर आहे, त्यात सुपारी, नारळ, थोडी मिरी. घरी रोज मराठी वर्तमानपत्र येतं आणि पुंडलिकांच्या पत्नी ते शेवटच्या पानापर्यंत वाचतात. पुंडलिक गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. चतुर्थीला गणपतीवरची माटोळी, म्हणजे रानफळांनी सजवलेली टांगती चौकट, बांधायचा मानही घरात त्यांचाच. रानातली कांगलां, माट्टुळी, कवंडळं कुठं सापडतील हे गावात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

मे महिन्यापासून वजन उतरू लागलं. 58 किलोंचे 44 झाले. जुलैत डोकं दुखायला लागलं. आधी पित्ताच्या गोळ्या झाल्या, मग सायनसचं औषध झालं. मग कुणीतरी म्हणालं, चष्म्याचा नंबर लागला असेल. म्हापशाला जाऊन त्यांनी तपकिरी फ्रेमचा चष्मा करून घेतला. माझ्यासमोर ते पहिल्यांदा बसले तेव्हा तो सदऱ्याच्या खिशात होता आणि एका काचेवरचं दुकानाचं चिकटपत्र अजून निघालेलं नव्हतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला तोंडात पांढरे चट्टे आले, घास गिळवेना. रक्त तपासलं. तीन वेगवेगळ्या किटवर एचआयव्हीची लागण पक्की झाली. तिसऱ्या दिवशी सीडी4 चा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा, आकडा आला: 38. निरोगी माणसात तो साधारण 500 च्या वर असतो. 200 च्या खाली गेला की ज्या जंतूंना शरीर एरवी जुमानत नाही, तेही जिवावर उठतात.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की गोव्यात परत येण्याआधी मी काही वर्षं मुंबईत औषध-चाचण्यांच्या कामात होते. या प्रकरणात माझं जिथं चुकलं, तिथं ते जास्तच लागलं याचं कारण तेच.

अडचण

आपल्याकडे एचआयव्हीची औषधं सरकारी केंद्रांतून 1 एप्रिल 2004 पासून मोफत मिळतात. 2017 पासून सीडी4 कितीही असो, प्रत्येकाला औषध, हे धोरण आहे. निदान झाल्यावर रुग्ण तयार असेल तर त्याच दिवशी, नाहीतर आठवडाभरात गोळी सुरू करायची. धोरण चांगलं आहे. "पुढच्या महिन्यात या" सांगितलेली किती माणसं परत आलीच नाहीत, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे.

त्यामुळे तिसऱ्या दिवशी समुपदेशकाच्या टेबलावर टीएलडीची बाटली तयारच होती. टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर, तिन्ही औषधं एकाच गोळीत, रोज एक. गोळी देण्याआधी क्षयाचे चार प्रश्न विचारतात: खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. डोकेदुखी त्या चारांत नाही.

समुपदेशक मुलगी नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. तिच्या लक्षात आलं की पुंडलिक वरच्या ट्यूबलाइटकडे तळहात आडवा धरून बसलेत. ती म्हणाली, "काका, उजेड सोसत नाही का?" ते म्हणाले, "महिना झाला बाई. डोकं फुटतंय नुसतं." तिनं बाटली खणात ठेवली आणि मला फोन केला.

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच. तो ना डॉक्टरनं घेतला, ना तो कुठल्या छापील यादीत होता.

बोटाच्या रक्तावर क्रिप्टोकॉकसची, म्हणजे मेंदूज्वर करणाऱ्या एका बुरशीची, पट्टी लावली. दहा मिनिटांत दोन रेघा उमटल्या. संध्याकाळी पाठीत सुई घालून मेंदूभोवतीचं पाणी काढलं. दाब 34 सेंटिमीटर, म्हणजे 20 च्या आत असायला हवा त्याच्या दीडपटीहून जास्त. शाईच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे गोल दाणे दिसले, प्रत्येकाभोवती स्वच्छ वलय. पाण्यात पांढऱ्या पेशी फक्त 3. नातेवाइकांना असा अहवाल दिलासा देतो, कारण पेशी कमी म्हणजे दाह कमी असं वाटतं. इथं त्याचा अर्थ उलटा होता. शरीर लढतच नव्हतं.

भावानं मोबाइलवर शोधून विचारलं, ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत असते ना? देवळाच्या शिखरावरची कबुतरं हुसकायची का? बुरशी तिथं असते हे खरं आहे, पण श्वासावाटे ती आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात कधी ना कधी जाऊन आलेली असते. कबुतरांना हात लावू नका, एवढंच मी म्हणाले. भावाला आपल्या भावाची एचआयव्हीची लागण माहीत नव्हती. याचा पुढं फार संबंध येतो.

समोरचे पर्याय

पहिला प्रश्न टीएलडी आज सुरू करायची की थांबायचं, हा होता.

"लगेच सुरू करा" या मताला मोठा आधार आहे. 35 देशांतल्या 4,685 लोकांवरचा स्टार्ट हा अभ्यास 2015 मध्ये वेळेआधी थांबवला गेला, कारण लगेच औषध घेणाऱ्यांचा फायदा उघड दिसत होता. पण त्यात घेतलेल्या प्रत्येकाचा सीडी4 500 च्या वर होता. धडधाकट माणसानं वाट पाहावी का, या प्रश्नाचं ते उत्तर होतं. पुंडलिकांचा प्रश्न तो नव्हताच.

क्षय असलेल्यांसाठी कंबोडियातला कॅमेलिया अभ्यास जवळचा. त्यात क्षयाचे उपचार सुरू केल्यावर 8 आठवड्यांऐवजी 2 आठवड्यांनी एचआयव्हीचं औषध दिलं तेव्हा मृत्यू 27 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आले. म्हणजे सीडी4 फार कमी असेल तर घाई फायद्याची.

पण मेंदूच्या आवरणात बुरशी असेल तर? युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या कोट अभ्यासानं नेमकं हेच विचारलं. एका गटाला 1 ते 2 आठवड्यांत औषध, दुसऱ्याला साधारण 5 आठवड्यांनी. 500 रुग्ण घ्यायचे होते, 177 वरच तो थांबवावा लागला. सहा महिन्यांत लवकर औषध घेतलेल्या 88 पैकी 40 (45 टक्के) दगावले, थांबलेल्या 89 पैकी 27 (30 टक्के). आणि जास्तीचे मृत्यू मुख्यतः त्यांच्यात होते, ज्यांच्या पाण्यात पेशी 5 च्या खाली होत्या. आमच्या अहवालातला 3 हा आकडा त्या दिवशी मी कितीदा पाहिला असेन. प्रतिकारशक्ती एकदम जागी झाली की ती मेलेल्या-जिवंत बुरशीवर तुटून पडते, आणि कवटीच्या आत सुजायला जागाच नसते.

म्हणजे थांबायचं. कागदावर हे एका ओळीत संपतं. पुंडलिकांच्या पत्नीला सांगताना ती ओळ पुरली नाही. "औषध आहे, तुमच्या खणात आहे, आणि तुम्ही देत नाही?" असं त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. मी म्हणाले, "वहिनी, घराला आग लागली आहे. आधी ती विझवू. आत्ता दारं-खिडक्या उघडल्या तर वाऱ्यानं ती भडकेल." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "किती दिवस?" "पाच आठवडे." त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "चतुर्थी होऊन जाईल."

दुसरा प्रश्न बुरशीच्या औषधाचा. 2022 मध्ये अँबिशन हा अभ्यास आला. आफ्रिकेतल्या 5 देशांत 814 रुग्ण होते. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनचा किलोमागे 10 मिलिग्रॅमचा एकच डोस, सोबत 14 दिवस फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनाझोल. परिणाम जुन्या उपचारापेक्षा कमी नव्हता आणि दुष्परिणाम कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच वर्षी तो स्वीकारला. 44 किलोंच्या माणसाला 50 मिलिग्रॅमच्या 9 कुप्या, एकदाच.

पण फ्लुसायटोसिन आम्हाला त्या दिवशी कुठंच मिळेना. निवासी डॉक्टर म्हणाला, "मॅडम, एक डोस तरी देऊ आणि बाकी फ्लुकोनाझोलवर भागवू." मोह मलाही झाला. पण तो अभ्यास तिन्ही औषधांचा मिळून होता. त्यातलं एक काढलं तर उरलेल्याला त्या अभ्यासाचं नाव लावता येत नाही. म्हणून फ्लुसायटोसिन नसताना सुचवलेला पर्याय घेतला: लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन रोज किलोमागे 3 मिलिग्रॅम आणि फ्लुकोनाझोल 1200 मिलिग्रॅम, 14 दिवस. म्हणजे दिवसाला 3 कुप्या, एकूण 42. खर्चाची जुळवाजुळव कशी केली, ते सांगत बसत नाही.

दाब कमी करायला डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड द्यावं का, असंही एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं. 2016 च्या क्रिप्टोडेक्स अभ्यासात मृत्यू कमी झाले नाहीत, अपंगत्व मात्र वाढलं. तो विषय तिथंच संपला.

काय केलं

गुरुवारी संध्याकाळी पहिल्यांदा पाणी काढलं, 25 मिलिलिटर. दाब 34 वरून 16 वर आला आणि पुंडलिकांचं डोकं तासाभरात हलकं झालं. शुक्रवारी ते उठून बसले, पेज आणि लोणचं खाल्लं. दाब 25 च्या वर होता, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला हवा, हे मला माहीत होतं. कोट अभ्यासासाठी तपासलेल्या रुग्णांच्या पुढच्या विश्लेषणात, उपचार म्हणून किमान एकदा पुन्हा पाणी काढलेल्यांत मृत्यू कमी दिसले होते, मग सुरुवातीचा दाब काहीही असो. तरी मी शुक्रवारी सुई लावली नाही. माणूस हसत पेज खातोय, त्याला पुन्हा कशाला टोचा, असं वाटलं.

शनिवारी संध्याकाळी डोकं पुन्हा धरलं, उलट्या झाल्या, मग गुंगी. आता सही लागणार होती आणि पुंडलिक सही करण्याच्या अवस्थेत नव्हते. भाऊ उभे राहिले. "एकदा काढलं ना पाणी? पाठीत सुया टोचून माणूस लुळा होतो. आमच्या वाड्यावर एकाचं झालंय."

घरातले निर्णय भाऊ घेत. सही पत्नीची चालली असती, पण दिरासमोर त्या पेन हातात घेईनात. मी भावाला नीट समजावू शकत नव्हते, कारण इतका मोठा आजार या वयात कसा झाला, हाच त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि त्याचं खरं उत्तर देण्याचा अधिकार मला नव्हता. एचआयव्ही-एड्स कायदा 2017 चा. तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. मोजके अपवाद सोडले तर रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची लागण कुणाला सांगता येत नाही. पुंडलिकांनी पत्नीला स्वतः सांगितलं होतं. भावाला सांगू नका, असंही त्यांनी स्पष्ट बजावलं होतं.

कुणाला हा कायदा तेव्हा आडवा आला असं वाटेल. मला तसं वाटत नाही. 1989 मध्ये याच गोव्यात डॉमनिक डिसोझा या तरुणाला, केवळ रक्तदानानंतर लागण आढळली म्हणून, म्हापशातल्या जुन्या क्षयरुग्णालयात 64 दिवस कोंडून ठेवलं होतं. 1992 मध्ये तो गेला. गोव्यातल्या माणसाला ही गोष्ट बाहेर फुटण्याची भीती का वाटते, ते समजायला फार लांब जावं लागत नाही.

चूक कायद्याची नव्हती, माझी होती. एचआयव्हीचं नाव न घेता दाबाबद्दल भावाशी गुरुवारीच बोलता आलं असतं. मी त्यांच्याशी फक्त कबुतरांबद्दल बोलले होते.

संमतिपत्र इंग्रजीत होतं. रविवारी सकाळी समुपदेशक मुलीनं ते उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ठळक अक्षरांत मराठीत लिहिलं: "डोक्यात पाणी तुंबून दाब वाढला आहे. तो डोळ्यांच्या नसा दाबतो. पाठीतून पाणी काढलं की दाब उतरतो. सुई पाठीच्या कण्याचा मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात, म्हणून पाय लुळे पडत नाहीत. पाणी काढलं नाही तर दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो." पुंडलिकांच्या पत्नीनं ते दोनदा वाचलं, मग दिराच्या हातात दिलं. त्यांनी वाचून कागद परत केला आणि म्हणाले, "हे काल का नाही दाखवलंत?" सही पत्नीनं केली.

दुपारी दाब 45 होता.

त्यानंतर सहा दिवस रोज पाणी काढलं. तोवर फ्लुसायटोसिनही आलं होतं. मुंबईच्या जुन्या सहकाऱ्यानं मिळवून कोकणकन्येनं येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवलं. रविवारी सकाळी थिवी स्टेशनवर आमच्या इंटर्ननं ते पुडकं पावसात छत्रीखाली उतरवून घेतलं. दिवसाला 9 गोळ्या, चार वेळा विभागून, आणि त्याबरोबर फ्लुकोनाझोल थांबवून रोजच्या ॲम्फोटेरिसिनसोबत 14 दिवस पूर्ण केले. ॲम्फोटेरिसिननं रक्तातलं पोटॅशियम दोनदा उतरलं. घरून शहाळी यायची, त्यांनी भागलं नाही, शिरेतून द्यावंच लागलं. 14 व्या दिवशीच्या पाण्यात बुरशी उगवली नाही. फ्लुकोनाझोल 800 मिलिग्रॅमवर त्यांना घरी पाठवलं.

आता खरी भीती वाटत होती. एचआयव्हीची गोळी अजून सुरू झालेली नाही, डोकं दुखत नाही, घरात चतुर्थी. असा माणूस परत येईलच याची हमी कोण देणार? फोन करायचा तर घरात फोन भावाच्या हाती. पत्नीनंच मार्ग काढला: "चष्म्याच्या दुकानातून बोलतेय म्हणा." त्याप्रमाणे दर गुरुवारी "चष्म्याच्या दुकानातून" फोन जायचा. पत्नीची स्वतःची तपासणी निगेटिव्ह आली होती. गोळी सुरू झाल्यावर मला धोका राहतो का, हेही त्यांनी अशाच एका फोनवर "चष्मा झाला की नंबर वाढतो का?" असं विचारलं. पुढच्या भेटीत सविस्तर बोललो. पुणे आणि चेन्नईतली जोडपीही ज्यात होती त्या 2011 च्या एचपीटीएन 052 अभ्यासात, लवकर औषधानं जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी कमी झाली होती. गोळी सुरू होऊन विषाणू दबेपर्यंत मात्र निरोध हवाच, हेही सांगितलं.

काय झालं

ते ठरल्या दिवसापेक्षा दोन दिवस उशिरा आले. खणातली बाटली बाहेर निघाली. तिसऱ्या आठवड्यात डोकं पुन्हा दुखलं. पाणी काढलं, बुरशी नव्हती, पेशी 60 होत्या. म्हणजे शरीर जागं झालं होतं. तीन दिवस ठेवून पाठवलं. सहा महिन्यांनी विषाणू मोजण्याइतकाही सापडला नाही, सीडी4 142, वजन 53 किलो.

दृष्टी मात्र पूर्ण परत आली नाही. उजव्या डोळ्यानं बोटं मोजता येतात, डाव्यानं वर्तमानपत्राचे मथळे. शनिवार-रविवारचे ते अठरा तास, आणि त्याआधीचा माझा शुक्रवार. नेमकं किती नुकसान कशामुळे झालं, ते वेगळं काढता येत नाही. वेळेवर पाणी काढलं असतं तरी हेच झालं असतं, असं मी स्वतःला सांगत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

आमच्या केंद्रात क्षयाच्या चार प्रश्नांखाली आता हातानं पाचवा लिहिला आहे: डोकं दुखतं का, किती दिवस? इतकं वजन घटलेल्या माणसाला क्रिप्टोकॉकसची पट्टी सीडी4 ची वाट न पाहता पहिल्याच दिवशी लावायला हवी होती. टांझानिया आणि झांबियातल्या रेमस्टार्ट अभ्यासात (2015) ही तपासणी आणि सुरुवातीच्या आठवड्यांत घरी जाऊन विचारपूस, एवढ्यानं मृत्यू 28 टक्क्यांनी कमी झाले होते. तिथं घरी जाणारे लोक डॉक्टर नव्हते, थोडं शिकवून तयार केलेले होते.

माझ्या मनात जास्त घोळतं ते वेगळंच. अभ्यासांतले आकडे मी झटकन घेतले. 45 टक्के, 30 टक्के, 5 पेशी. पण ते आकडे ज्या राबण्यातून आले ते घेतलं नाही. चाचणीत पाणी काढायचे दिवस आधीच ठरलेले असतात, "रुग्ण हसतोय" म्हणून ते टळत नाहीत. मुंबईत मी नव्या औषधाच्या संमतीसाठी तास-तास बसायचे. माणसाच्या भाषेत कागद वाचायचा, मग "आता तुम्ही मला सांगा, काय समजलं?" असं विचारायचं. औषध-चाचण्यांच्या 2019 च्या नियमांप्रमाणे अशा संमतीचं चित्रीकरण लागतं तिथंही एचआयव्हीच्या औषधांसाठी फक्त आवाज नोंदवतात, चेहरा नाही. इतका विचार तिथं केलेला आहे. आणि माझ्याच वॉर्डात, तितक्याच धोक्याच्या प्रसंगी, एका वर्तमानपत्र वाचणाऱ्या बाईसमोर मी इंग्रजी कागद ठेवला.

आता पहिल्यांदा पाणी काढतानाच केसपेपरवर पुढच्या तीन दिवसांच्या वेळा लिहितो, आणि त्या खोडायच्या असतील तर कारण लिहून सही करावी लागते. मराठी आणि कोंकणीतलं अर्ध्या पानाचं पत्रक छापून घेतलं आहे. त्यात एचआयव्हीचा शब्द नाही, त्यामुळे ते घरातल्या कुणाच्याही हातात देता येतं. फ्लुसायटोसिनचा एका रुग्णापुरता साठा ठेवायची मागणी दोनदा केली. तिसरी या आठवड्यात पाठवली आहे.

एका गोष्टीवर माझं अजून ठरलेलं नाही. पुंडलिकांना मी पहिल्या दिवशी, ते पूर्ण शुद्धीत असताना, विचारायला हवं होतं का: "तुमची शुद्ध गेली तर कुणी ठरवायचं, आणि त्या माणसाला किती सांगायचं?" घाबरलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत हे विचारणं क्रूर वाटतं. समुपदेशक मुलगी म्हणते, विचारायचंच. तिनं विचारायला सुरुवातही केली आहे, आणि आतापर्यंत कुणी उठून गेलेलं नाही.

त्या चतुर्थीला माटोळी पुंडलिकांच्या मुलीनं बांधली. ते खाली पाटावर बसून प्रत्येक फळ हातात घेऊन चाचपत होते आणि ते कुठल्या फांदीला जाईल, सांगत होते. भाऊ शिडी धरून उभे होते. त्यांनी अजून काही विचारलेलं नाही, आणि पुंडलिकांनी सांगितलेलं नाही.